पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय? बॉक्स उतरवायच्या आधी पंपाच्या पाठीमागे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल आहे, बरीच वर्षं उभी होती, आता रस्त्यावर आणल्यापासून पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय, थेंब सतत स्टिअरिंग बॉक्सच्या खाली पडतात, रिटर्न होज (ऑइल पंपाकडे परत आणणारी रबरी नळी) बदलून झाला तरी फरक नाही, मेकॅनिक म्हणतो अख्खा बॉक्सच बदला आणि तुम्ही विचारताय की त्याआधी स्टॉप-लीकची (गळती थांबवणाऱ्या द्रवाची) बाटली ओतून बघू का. माझं उत्तर: बॉक्स लगेच बदलू नका, बाटलीही लगेच नको, आधी गाडी धुवा. गंमत करत नाहीये, पुढे सांगतो.

थेंब बॉक्सखाली पडतोय म्हणजे बॉक्स गळतोय असं अजिबात नाही. तुमच्या गाडीत पंप इंजिनच्या पुढे ड्रायव्हरच्या बाजूला आणि बॉक्स त्याच्याच खाली-मागे चॅसीच्या रेलवर. पंपातून गळलेलं ऑइल ब्रॅकेटवरून उतरतं, होजच्या अंगावरून सरकत जातं, पंख्याची हवा त्याला मागे ढकलते आणि शेवटी सगळं येऊन बॉक्सवर पडतं आणि तिथून पिटमन आर्मच्या (बॉक्सखालचा, चाकं वळवणारा दांडा) टोकाला थेंब धरतो, कारण तो सगळ्यात खालचा बिंदू. मग कोणीही खालून टॉर्च मारला की बॉक्स तेलाने माखलेला दिसतो आणि निकाल लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी बघितलेल्या या प्रकारच्या पंपांमध्ये "बॉक्स गेलाय" म्हणून आलेल्या गाड्यांचा खरा गुन्हेगार बऱ्याचदा पंपाच्या टाकीची ओ-रिंग (गोल रबरी सील) निघते. म्हणून नियम एकच, गळती शोधताना सगळ्यात खालची नाही, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

त्याच्याही आधी हे ऑइल पॉवर स्टिअरिंगचंच आहे ना ते बघा. पांढरा पुठ्ठा रात्रभर खाली ठेवा. लालसर असेल तर स्टिअरिंगचं असू शकतं पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंही असू शकतं, दोन्हीकडे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) पडलेलं असण्याची शक्यता असते आणि गिअरबॉक्सच्या कूलरच्या नळ्या रेडिएटरपर्यंत पुढे येतात त्यामुळे घोळ होतो. जुनं झालेलं स्टिअरिंग फ्लुइड तपकिरी काळपट होतं, मग ते इंजिन ऑइलसारखं दिसतं. त्यामुळे रंगावर फार जाऊ नका, स्टिअरिंगच्या टाकीची पातळी उतरतेय का ते बघा, तेच पक्कं. आणि पातळी बघताना झाकणाला जी काडी आहे तिच्यावर गरम आणि थंड अशा दोन खुणा असतात, बरेच लोक थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरतात, मग ऑइल गरम झालं की फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं, पंपाच्या अंगावरून ओघळतं. ही गळतीच नाही, जास्त भरलंय इतकंच. फेस येत असेल तरी असंच झाकणातून बाहेर येतं. झाकणाचं गॅस्केट कडक झालंय का तेही बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता धुण्याचं. चांगला डीग्रीझर आणि ब्रश घेऊन पंप, ब्रॅकेट, दोन्ही होज, बॉक्स, पिटमन आर्म, सगळं स्वच्छ करा, पाणी जपून, डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर झाकून घ्या. कोरडं झालं की अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर या सगळ्या भागांवर भुरभुरवा. पांढऱ्या पावडरवर ऑइलची रेघ उठते ती थेट उगमापासून सुरू होते, इतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. हवं तर टाकीत यूव्ही डाय (निळ्या प्रकाशात चमकणारा रंग) टाकून निळ्या टॉर्चने बघा, गळती फार बारीक असेल तर डाय बरा. इंजिन बंद असताना आधी बघायचं, काही तासांनी पुन्हा. नंतर इंजिन चालू करून कोणालातरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला लावायचं आणि आपण बघायचं, हात, बाही, केस पंख्यापासून लांब ठेवून.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण अर्धं निदान इथेच होतं. गाडी नुसती उभी असतानाही पुठ्ठा ओला होत असेल तर गळती बिनदाबाच्या बाजूला आहे, म्हणजे टाकी, टाकीच्या ओ-रिंगा, रिटर्न होज, झाकण. आणि उभी असताना कोरडी पण स्टिअरिंग टोकाला नेलं की गळायला लागली तर प्रेशर होज (दाबाचं ऑइल पंपातून बॉक्सकडे नेणारी नळी), त्याची जोडणी किंवा बॉक्सची सीलं. टोकाला नेल्यावर या सिस्टिममधला दाब १००० पीएसआयच्या पुढे जातो, टायरमध्ये आपण ३० च्या आसपास ठेवतो त्यावरून अंदाज घ्या. म्हणूनच टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, सूंऽऽ आवाज येतो आणि ऑइल झपाट्याने तापतं. आणि म्हणूनच इंजिन चालू असताना प्रेशर होजवरून बोट फिरवून गळती चाचपायची नाही, कधीच नाही. बारीक भोकातून येणारी धार कातडीच्या आत शिरते, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो पण त्याला लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, धार असेल तर त्याच्यावर उमटते.

तुमची गाडी बरीच वर्षं उभी होती आणि थेंब सतत पडतोय असं तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय पंपाच्या पाठीवर. हा सॅगिनॉ (जनरल मोटर्सच्या स्टिअरिंग विभागाचा) पंप कसा असतो ते समजून घ्या. पंपाची ओतीव बॉडी पत्र्याच्या टाकीच्या आत बसवलेली असते, म्हणजे पंप टाकीत बुडालेला. टाकीचं पुढचं तोंड आणि बॉडी यांच्यामध्ये एक मोठी ओ-रिंग. मागच्या बाजूने टाकीच्या पत्र्यातून स्टड आणि प्रेशर होजचं फिटिंग बाहेर येतं, त्या प्रत्येकाला छोटी ओ-रिंग. ही सगळी रबरं पन्नास वर्षांची असतील तर हाताने वाकवली की बांगडीसारखी तुटतात. गाडी रोज चालत असते तेव्हा ऑइल फिरत राहिल्याने रबर थोडं जिवंत राहतं, वर्षानुवर्षं उभी राहिली की जिथे दाबलंय तिथेच चपटं होऊन बसतं. सीलचा अख्खा किट मिळतो, त्यात हे सगळं आणि पुढचं शाफ्ट सील येतं, तोच घ्या. सुट्या ओ-रिंगा घेणार असाल तर मापासोबत रबरही बघा, नायट्राइल किंवा व्हायटॉन चालतं, ईपीडीएम अजिबात नाही. ईपीडीएम ब्रेकच्या आणि पाण्याच्या कामाचं, या ऑइलमध्ये ते फुगून बटबटीत होतं. त्याच कारणाने हीटरचा होज कापून रिटर्नला लावणं हा जो प्रकार चालतो तोही बंद करा, तुमचा नवा रिटर्न होज पॉवर स्टिअरिंगचाच आहे ना ते त्याच्यावर छापलेलं वाचून बघा.

पंप उतरवायचा. बेल्ट सैल करून काढा, खाली भांडं ठेवा, होज सोडा, त्यांची तोंडं प्लास्टिकने बांधा. प्रेशर होजच्या नटला फ्लेअर नटचाच पाना लावा, साध्या पान्याने कोपरे गोल होतात आणि मग खरी मजा सुरू होते. पुली काढताना बघा, काही जुन्या पंपांवर पुली चावी (शाफ्टच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) आणि नटवर असते, नंतरच्यांवर नट नाही, पुली दाबून बसवलेली असते आणि तिच्या मधल्या गळ्याला खाच असते. त्या खाचेत धरणारा खास पुलर मिळतो, भाड्याने मिळाला तरी आणा. कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की पुली वाकते, नंतर बेल्ट कायम लंगडत चालतो. बसवतानाही हातोडी नको, हातोडीचा मार शाफ्टमधून सरळ आत जातो आणि आतली रिंग आणि रोटर त्या माराने जाऊ शकतात. बसवायचं टूल वेगळं असतं, शाफ्टच्या टोकाच्या आट्यात बसवून पुली हळूहळू ओढून घेतं. चावी-नटवाली पुली असेल तर हे सगळं लागतच नाही.

पुली निघाली, मागचे स्टड आणि फिटिंग काढलं की टाकी बॉडीवरून निघते. बरीच वर्षं चिकटून बसलेली असते, लाकडाच्या तुकड्याने चहूबाजूंनी ठोकत ठोकत सोडवा, पत्रा चेपला तर नवी ओ-रिंगही गळणार. फिटिंग काढताना त्याच्यामागे फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग असते, ती उडी मारून बाहेर येते, कुठलं टोक आधी होतं त्याचा फोटो काढून ठेवा आणि जशी निघाली तशीच परत घाला. व्हॉल्व्ह स्वच्छ करा, बोटाने सरकवला की अडखळता कामा नये. मग टाकीचा पत्रा आतून नीट बघा, तळाशी गाळ असतो, गंज असतो, ज्या ठिकाणी ओ-रिंग बसते त्या कडेवर गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश पेपरने गुळगुळीत करा नाहीतर टाकी बदला, ओ-रिंग कितीही भारी असली तरी खड्डा भरून काढत नाही. नवी ओ-रिंग कोरडी घालू नका, त्याच फ्लुइडमध्ये बुडवून घाला, पिळली गेली तर पहिल्याच दिवशी कापली जाते.

आता पुढचं शाफ्ट सील. पुलीच्या मागे ऑइल असेल, बेल्ट ओला असेल, पुलीच्या रेषेत बॉनेटखाली गोल शिंतोडे उडालेले असतील तर हेच. सील बदलायच्या आधी शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. जाणवण्याइतकं हललं तर आतला बुश खाल्लेला आहे, नवं सील फार दिवस टिकणार नाही, पंप रिबिल्ड करा किंवा दुसरा घ्या. बुश का खाल्ला गेला तर बऱ्याचदा बेल्ट कचकचून ताणलेला असतो, आवाज येतो म्हणून कोणीतरी ताणतं, खरं म्हणजे ऑइल पडल्यामुळे बेल्ट घसरत असतो. हललं नाही तर शाफ्टभोवती पातळ शिम (पत्र्याची पट्टी) गुंडाळून जुनं सील जपून उचका, शाफ्टला ओरखडा म्हणजे नवी गळती. मग सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) जिथे घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय. त्याला पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, भिंत जेमतेम ०.२८ मिलिमीटर जाडीची, ती शाफ्टवर चढवली की सीलला नवी जागा मिळते आणि तेच सील चालतं. फार कामाची वस्तू आहे, लोक उगाच शाफ्ट फेकतात.

होजबद्दल फार लांबवत नाही. प्रेशर होज पावडर टेस्टमध्ये क्रिम्पच्या (रबर धातूच्या टोकावर दाबून बसवलेल्या) ठिकाणी ओला दिसला तर बदलायचा, त्याच्यावर क्लॅम्प, टेप, एम-सील काही चालत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारी नळी) शेजारीच असतो, तापलेल्या मॅनिफोल्डवर हे ऑइल पडलं की पेटू शकतं, म्हणून या एका गळतीसह गाडी चालवायची नाही. नवा मिळत नसेल तर हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून जुन्याच धातूच्या टोकांवर नवं रबर क्रिम्प करून घ्या. तुमच्या गाडीच्या काळातल्या बॉक्सवर फ्लेअरची (शंकूसारख्या टोकाची) जोडणी असते, नंतर सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे मेट्रिक ओ-रिंगवाली आली, दोन्हीची टोकं वेगळी, बॉक्स किंवा पंप कधी बदललेला असेल तर इथे जमत नाही आणि लोक टेफ्लॉन टेप गुंडाळून मोकळे होतात. तिथे सील आट्यांवर होत नाही, शंकूवर होतं, टेपचा उपयोग शून्य आणि त्याचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात ते वेगळंच. आणि नवा होजही वारंवार फाटत असेल तर इंजिनचे माउंट (रबरी आधार) बघा, माउंट गेलेलं असलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन उचललं जातं आणि होजला दर वेळी हिसका बसतो.

आता समजा पावडरने सांगितलं की पंप कोरडा, बॉक्सच गळतोय. तरी बॉक्स बदलायची गरज नाही. वर, स्टिअरिंग कॉलम जिथे जोडला जातो तिथे ओलं असेल तर इनपुट शाफ्टचं सील, ते लवकर करा, कारण ऑइल तिथल्या रबरी कपलिंगवर पडून ते मऊ करतं. वरचं झाकण चार बोल्टवर असतं, त्याची ओ-रिंग. आणि सगळ्यात जास्त जातं ते खालचं पिटमन शाफ्टचं सील. त्यासाठी गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही, चाकं सरळ ठेवा, आर्म आणि शाफ्टवर छिन्नीने खूण करा, नट काढून पिटमन आर्मच्या पुलरने आर्म उतरवा. हातोडीने ठोकून काढू नका, आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांना मार बसतो. मग सर्क्लिप (सील धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढायची, आणि इथे एक जुनी युक्ती आहे जी कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही दिलेली असायची: खाली मोठं भांडं ठेवा, इंजिन चालू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे न्या आणि लगेच बंद करा, दाबानेच सीलं आणि वॉशर बाहेर येतात. पसारा होतो, पण स्क्रू ड्रायव्हरने खुपसून बोअर (सील बसायचं भोक) खराब करण्यापेक्षा बरं. निघालेल्या वॉशर-सीलचा क्रम नीट लिहून ठेवा, सीलच्या ओठाचं तोंड ऑइलच्या बाजूला. शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळा, मगच नवं सील सरकवा, दाते ब्लेडइतके धारदार असतात. शाफ्टवर गंजाची पट्टी असेल तर बारीक पॉलिश पेपर आडवा गोल फिरवा, उभा घासलात तर प्रत्येक रेघ ऑइलला वाट करून देते. पिटमनचा नट या बॉक्सवर १८५ फूट-पाउंडच्या आसपास, म्हणजे साधारण २५० न्यूटन-मीटर, हाताच्या अंदाजाने नको, टॉर्क पाना लावा. शाफ्ट आडवा हलत असेल तर मात्र बेअरिंग गेलंय, तेव्हा बॉक्स रिबिल्डला देणं शहाणपणाचं, मेकॅनिकचं म्हणणं मग खरं.

वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. मूळ तत्त्व १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलपासून तेच आहे, पंप, व्हॉल्व्ह आणि पिस्टन, फक्त मांडणी बदलते. साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये व्हॉल्व्ह आणि सिलिंडर बॉक्सच्या बाहेर लिंकेजवर (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर) असतात, तिथे सिलिंडरच्या रॉडचं सील आणि व्हॉल्व्हच्या बॉल स्टडजवळचं सील बघायचं. व्हॉल्व्ह उघडला असेल तर मधला नट नीट सेट करा, तो चुकला की इंजिन चालू होताच स्टिअरिंग आपोआप एका बाजूला पळतं, म्हणून पहिल्यांदा चालू करताना चाकं हवेत आणि हात स्टिअरिंगच्या बाहेर. रॅकवाल्या (बॉक्सऐवजी दातेरी दांडा असलेल्या) गाडीत टोकाचं रबरी बूट दाबून बघा, आत ऑइल डुचमळत असेल तर रॅकचं सील गेलं. सिट्रोएन डीएसवाल्यांनी माझं काही ऐकू नका, आधी सिस्टिम लाल द्रवाची आहे की हिरव्या एलएचएम तेलाची ते बघा, एकाचं दुसऱ्यात गेलं तर सगळीकडची रबरं जातात.

स्टॉप-लीकचं तुम्ही विचारलंत. त्यात रबर मऊ करून फुगवणारं द्रव्य असतं. कडक झालेल्या ओठाच्या सीलला, बारीक पाझर असेल तर, त्याने काही महिने निघतात हे खरं आहे, मी त्याला पूर्ण नावं ठेवणार नाही. पण फाटलेला होज, खाच पडलेला शाफ्ट, गंजलेली टाकी यांना त्याचा काही उपयोग नाही, आणि जास्त दिवस राहिलं तर चांगलं रबरही ढिलं पडतं. तुमच्याकडे किट आणून पंप उघडायचाच आहे तर बाटली कशाला. ऑइल म्हणाल तर तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग फ्लुइड किंवा डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ, जुन्या फोर्डला टाइप एफ. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, त्याने सगळी सीलं एका झटक्यात जातात.

सगळं जोडून झालं की हवा काढणं, आणि इथे घाई करणाऱ्यांचा पंप घुरघुरत राहतो. पुढची चाकं उचला, टाकी भरा, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, मध्ये मध्ये भरत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. मगच इंजिन चालू, पुन्हा सावकाश. ऑइल दुधट, फेसाळ दिसलं तर बंद करून तासभर तसंच सोडा, हवा आपली आपण वर येते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बेल्टचा ताण पुन्हा बघा, कारण नवा बेल्ट थोडा सैल पडतो, ऑइलने भिजलेला जुना बेल्ट मात्र पुसून परत लावू नका, तो बदलाच. आणि बॉक्सवर पुन्हा थोडी पावडर मारून आठवडाभर गाडी चालवा, कोरडी राहिली तर फोटो टाका, ओली रेघ उठली तरी टाका, ती कुठून सुरू होते ते नीट दिसेल असा.